शिसं, युरिया आणि गोठ्यातले बॅक्टेरिया : प्रकल्पाच्या नोंदी

एमएस्सी मायक्रोबायोलॉजीच्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प. युरिया फोडणाऱ्या बॅक्टेरियांकडून पाण्यातलं विरघळलेलं शिसं कार्बोनेटच्या रूपात खाली बसवायचं, आणि राहिलेल्या पाण्यात कांद्याच्या मुळाच्या पेशींचं काय होतं ते बघायचं. पुढच्या बॅचला हाच विषय मिळणार असं मॅडम म्हणाल्या, म्हणून वहीतलं इथे उतरवते आहे. थिअरी पुस्तकात आहे. इथे फक्त काय अडलं आणि कसं सुटलं तेवढंच.

२७ नोव्हेंबर

माती आणली. गावातल्या गोठ्यात म्हशींचं मूत जिथे मुरतं त्या कोपऱ्यातली, वरचा थर खरवडून बोटभर खालची. ८० अंशाला १० मिनिटं तापवली म्हणजे बीजाणू न करणारे बहुतेक जंतू गळतात. मग युरिया घातलेल्या न्यूट्रिएंट ब्रॉथमध्ये वाढवली. जोडीला तुलनेसाठी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या (एनसीएल) एनसीआयएम या सूक्ष्मजीव-संग्रहातून स्पोरोसार्सिना पाश्चुरी मागवला आहे. जुन्या पेपरांत तो बॅसिलस पाश्चुरी नावाने सापडतो, शोधताना दोन्ही नावं टाका.

त्याचं माध्यम लिटरला असं : यीस्ट एक्स्ट्रॅक्ट २० ग्रॅम, अमोनियम सल्फेट १० ग्रॅम, ट्रिस बफर, पीएच ९. तिन्ही वेगवेगळे ऑटोक्लेव्ह करून गार झाल्यावर एकत्र करायचे. युरिया मात्र ऑटोक्लेव्ह करायचा नाही, उष्णतेने तो आधीच फुटतो. ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळूनच घालायचा.

४ डिसेंबर

ख्रिस्टेन्सेन अगारवर (युरिया फुटला की गुलाबी होणारं माध्यम) गोठ्यातल्या तीन वसाहती रातोरात गडद गुलाबी. एक तर चार तासांतच रंगली. तिलाच धरलं, नाव ठेवलं ग-२.

पैसे वाचवायला शेतीचा युरिया आणून पाहिला. ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना आणि लॅब ग्रेडची अर्ध्या किलोची बाटली त्याहून महाग, मोह होणारच. पण २०१५ पासून देशातला सगळा युरिया निंबोळी तेलाचा लेप देऊनच येतो. पाण्यात विरघळवला की वर तेलाची साय येते आणि सिरिंज फिल्टर पाचव्या मिलिलिटरला तुंबतो. एक फिल्टर ४५ रुपयांचा. म्हणजे बचत फिल्टरात गेली. लॅब ग्रेडच घ्या.

११ डिसेंबर

शिशाचा पहिला प्रयोग बॅक्टेरिया घालण्याआधीच संपला. माध्यमात लेड नायट्रेटचं द्रावण थेंबाथेंबाने सोडत होते (अंतिम प्रमाण लिटरला १०० मिलिग्रॅम शिसं), आणि प्रत्येक थेंबाबरोबर पांढरा धूर उतरावा तसा साका उतरत गेला. पार्टनर म्हणाली, "अगं, झालं की काम! बॅक्टेरिया कशाला हवेत?"

कारण सरळ आहे. माध्यमात सल्फेट आहे आणि लेड सल्फेट पाण्यात जवळपास विरघळत नाही. शिवाय यीस्ट एक्स्ट्रॅक्टमध्ये फॉस्फेट असतं, तेही शिशाला धरतं. बॅक्टेरिया वाढवण्याच्या माध्यमात थेट शिसं घालून '९९ टक्के शिसं काढलं' असं लिहिलेलं कुठे दिसलं, तर त्यात जंतू नसलेला कंट्रोल आहे का ते आधी शोधा.

१८ डिसेंबर

पद्धत बदलली. बॅक्टेरिया त्यांच्या माध्यमात वाढवायचे, सेंट्रिफ्यूज करून सलाइनने तीनदा धुवायचे, आणि मग फक्त सलाइन, युरिया आणि शिसं असलेल्या फ्लास्कमध्ये सोडायचे. धुवायला फॉस्फेट बफर सलाइन घेऊ नका, पुन्हा तोच साका. साध्या ०.८५ टक्के मिठाच्या पाण्यात लिटरला १०० मिलिग्रॅम शिसं विरघळलेलं राहतं. याहून फार वर गेलात तर लेड क्लोराइडही खाली बसायला लागेल.

कंट्रोल असे ठेवले : नुसतं सलाइन आणि शिसं, मारलेले बॅक्टेरिया, जिवंत बॅक्टेरिया पण युरिया नाही, आणि बॅक्टेरिया अजिबात नाहीत पण हाताने अमोनियम कार्बोनेट घातलेलं. शेवटचा मॅडमनी सुचवला. तेव्हा मला तो जास्तीचा वाटला होता.

प्रयोगशाळेतले मामा सकाळी दार उघडून तसेच बाहेर आले. "ताई, ही लॅब हाय का गोठा?" अमोनियाचा वास. आता फ्लास्क फ्यूम हूडमध्ये ठेवतो. हूडचा पंखा बंद होता तो मामांनीच दुरुस्त करून दिला.

३० डिसेंबर

बाहेरच्या प्रयोगशाळेतून एएएसचा (पाण्यातला धातू मोजणारं यंत्र) रिपोर्ट आला. सगळ्या फ्लास्कमध्ये शिसं ९० च्या वर. युरिया असलेल्या फ्लास्कमध्येही. तळाला साका डोळ्यांना दिसत असताना!

फोन केला तेव्हा उलगडलं. धातूच्या नमुन्यात तिथे आल्या आल्या नायट्रिक ॲसिड घालून पीएच २ च्या खाली नेतात. नाहीतर शिसं बाटलीच्या भिंतीला चिकटतं, त्यामुळे पद्धत बरोबरच आहे. पण आम्ही न गाळता नमुने पाठवले होते. ॲसिड पडताच सगळं कार्बोनेट विरघळून शिसं परत पाण्यात आलं. क्रम असा हवा : आधी आपल्या लॅबमध्ये ०.४५ मायक्रॉनमधून गाळणं, मग त्या गाळलेल्या पाण्यात ॲसिड, मग पाठवणं. नमुन्याला ३५० रुपये. पूर्ण खेप वाया गेली आणि नाताळची सुट्टी मध्ये आल्याने पुढचा नंबर लागायला जानेवारी उजाडला.

९ जानेवारी

गाळून पाठवलेले आकडे (मिलिग्रॅम प्रति लिटर, सुरुवात १००, चोवीस तासांनंतर) : नुसतं सलाइन ९७. मारलेले बॅक्टेरिया ७१. जिवंत पण युरियाविना ६४. ग-२ आणि २० ग्रॅम युरिया ५.२. पाश्चुरी आणि तेवढाच युरिया ४.६. बॅक्टेरियाविना अमोनियम कार्बोनेट ६.८.

दुसरा आणि तिसरा आकडा बघा. मेलेले बॅक्टेरियाही पाव हिश्श्याहून थोडं जास्त शिसं धरतात. पेशीभित्तीवरचे ऋणभारित गट धनभारित शिशाला ओढून घेतात, त्याला जीव लागत नाही. युरिया फुटून कार्बोनेट तयार झालं की त्याच जागी स्फटिकाचं बीज पडतं. म्हणून मेलेल्यांचा कंट्रोल नसेल तर खनिज किती बनलं आणि नुसतं चिकटलं किती, हे सांगता येत नाही.

आणि शेवटचा आकडा. हाताने कार्बोनेट घातलं तरी जवळपास तेच होतं. तोंडी परीक्षेत हा प्रश्न येणार म्हणजे येणार. माझं उत्तर : बॅक्टेरियाचं काम जादूचं नाही, ते जागेवर, हळूहळू कार्बोनेट पुरवतात आणि स्फटिकाला बसायला पृष्ठभाग देतात. पाण्याच्या फ्लास्कमध्ये त्याचा फायदा थोडा. मातीत, जिथे सगळीकडे रसायन ढवळता येत नाही, तिथे जास्त.

१३ जानेवारी

पार्टनरला तांबं करून बघायचं होतं, कारण प्लेटिंगच्या सांडपाण्यात ते असतं. केलं. काहीच खाली बसलं नाही, उलट फ्लास्क कपड्यांच्या निळीसारखा गर्द निळा झाला. युरिया फुटून निघालेला अमोनियाच तांब्याला पकडून पाण्यात ठेवतो. दिसायला सुंदर, कामाचं नाही. तांब्यासाठी हा मार्ग सोडा.

२२ जानेवारी

शिशाचा साका फार बारीक असतो. सूक्ष्मदर्शकाखाली नुसती धूळ दिसते. म्हणून स्फटिक आणि बॅक्टेरिया यांचं नातं बघायला एका फ्लास्कमध्ये शिशाऐवजी कॅल्शियम क्लोराइड घातलं. दुसऱ्या दिवशी ४० च्या भिंगाखाली गोळे आणि ठोकळे, काहींच्या अंगावर दंडगोल खाचा, बरोबर बॅक्टेरियाच्या मापाच्या.

कव्हरस्लिपच्या कडेला सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिडचा एक थेंब लावला आणि दुसऱ्या कडेने टिपकागदाने ओढून घेतला. ॲसिडची कड पुढे सरकते तशी बुडबुड्यांची रांग उठते, ठोकळा कडांनी झिजत जातो, आणि आत अडकलेले दांडके एकेक करून मोकळे होऊन प्रवाहात वाहत जातात. एका ठोकळ्यातून सात-आठ निघाले. हे एकदा स्वतः करून बघाच, पाच मिनिटांचं काम आहे.

यावरून आणखी एक अडचण लक्षात आली. खनिज बनल्यावर प्लेटवर वसाहती खूप कमी येतात, तेव्हा आम्ही 'बॅक्टेरिया मेले' असं लिहून मोकळ्या झालो होतो. पण एका ठोकळ्यात आठ जण असतील तर प्लेटवर वसाहत एकच उमटते, किंवा एकही नाही. ॲसिडने सोडवले तर ॲसिडनेच मरतील, म्हणून पीएच ८ च्या ईडीटीएमध्ये (कॅल्शियम पकडून ठेवणारं रसायन) ठोकळे हळूहळू विरघळवून पुन्हा प्लेट केलं. वसाहती वाढल्या, पण सुरुवातीएवढ्या नाही. म्हणजे काही नुसते कोंडलेले होते, काही खरंच गेलेले. भोवती कवच बसलं की अन्न आत जात नाही आणि घाण बाहेर पडत नाही. आपणच बनवलेल्या दगडात जिवंत गाडून घेतल्यासारखं आहे हे.

१ फेब्रुवारी

कांदे. बाजारात सध्या नवा लाल कांदा आहे, तो या कामाला वाईट. अजून सुप्तावस्थेत असतो, मुळं फुटायला वेळ लावतो आणि ओला असल्याने बूड सडतं. ओळखीच्या आडत्याकडून चाळीतला जुना उन्हाळी कांदा घेतला, गोल्टी, सगळे एका मापाचे. बुडाची वाळलेली जुनी मुळं ब्लेडने हलकेच खरवडायची, पण कडेच्या वळ्याला धक्का लावायचा नाही. नवी मुळं तिथूनच येतात. नळाचं पाणी क्लोरीन जावं म्हणून रात्रभर उघडं ठेवायचं.

चार गट : नळाचं पाणी, १०० मिलिग्रॅम शिशाचं पाणी, बॅक्टेरियाने शिसं काढलेलं गाळलेलं पाणी, आणि बॅक्टेरिया व युरिया चालवलेलं, पण शिसं कधीच न घातलेलं पाणी. सर्व कांद्यांना आधी साध्या पाण्यात सेंटिमीटरभर मुळं येऊ दिली, मग हलवले.

तिसऱ्या दिवशी : नळाच्या पाण्यातली मुळं पांढरी, लांब. शिशाच्या पाण्यातली आखूड, टोकं तपकिरी, पण ताठ. 'स्वच्छ' केलेल्या पाण्यातली पारदर्शक, लिबलिबीत, चिमटीत धरली की सुटणारी. मेलेली. शिशाच्या पाण्याहून वाईट!

चौथ्या गटातलीही तशीच, आणि त्यात शिसं नव्हतंच.

७ फेब्रुवारी

हिशेब आधीच करायला हवा होता, कागदावर दहा मिनिटांत होतो. युरियाच्या एका रेणूतून एक कार्बोनेट आणि दोन अमोनियम निघतात. लिटरला २० ग्रॅम युरिया म्हणजे ०.३३ मोल. पूर्ण फुटला तर ०.६७ मोल अमोनियम, म्हणजे नायट्रोजन म्हणून लिटरला सुमारे ९,३०० मिलिग्रॅम. पर्यावरण संरक्षण नियमांत नदीनाल्यात सोडायच्या सांडपाण्याला अमोनियाकल नायट्रोजनची मर्यादा ५० मिलिग्रॅम आहे. शिशाची ०.१. आम्ही एक विष काढून दुसरं मर्यादेच्या जवळपास १९० पट ओतत होतो. त्यात पीएच ९.२ च्या आसपास निम्मा अमोनियम मुक्त अमोनियाच्या रूपात असतो, आणि तो पेशीच्या पटलातून सरळ आत शिरतो. मुळं मरणार नाहीत तर काय.

मग गरज किती? १०० मिलिग्रॅम शिसं म्हणजे ०.४८ मिलिमोल. त्याला तेवढंच कार्बोनेट पुरे, म्हणजे युरिया फक्त २९ मिलिग्रॅम. आम्ही २० ग्रॅम घालत होतो, कारण सिमेंटच्या भेगा बुजवणाऱ्या पेपरांत तेवढा असतो आणि आम्ही तो आकडा तसाच उचलला. तिथे कॅल्शियम ढिगाने बसवायचं असतं, इथे शिसं चिमूटभर आहे. जादा कार्बोनेटचा आणखी एक तोटा : ते शिशाशी विरघळणारी संयुगं करतं. चार-पाच मिलिग्रॅमच्या खाली आकडा का उतरत नव्हता, त्याचं कारण बहुधा हेच.

२० फेब्रुवारी

युरिया लिटरला १०० मिलिग्रॅमवर आणला. पूर्ण फुटला तरी नायट्रोजन ४७, मर्यादेच्या जेमतेम आत. शिशाच्या मानाने कार्बोनेट साडेतीन पट.

लगेच दोन गोष्टी झाल्या. एक, काम मंदावलं. इतक्या कमी युरियावर या बॅक्टेरियांचं युरिएज, म्हणजे युरिया फोडणारं एन्झाइम, रेंगाळतं, चोवीस तासांचं काम तीन दिवसांवर गेलं. बॅक्टेरियांची घनता वाढवली तर थोडा फरक पडतो. दोन, नायट्रिक ॲसिड घातलेलं शिशाचं स्टॉक वापरलं तर त्याचा आंबटपणा मारायलाच युरिया खर्ची पडतो. स्टॉक साध्या डिस्टिल्ड पाण्यात ताजं बनवा.

रिपोर्टमध्ये शिसं 'बीडीएल', म्हणजे शोधमर्यादेच्या खाली. पार्टनरने पेढे आणले. पण ज्वालेच्या एएएसची शिशासाठीची शोधमर्यादाच लिटरला ०.१ मिलिग्रॅमच्या आसपास असते. म्हणजे सांडपाण्याच्या मर्यादेपाशी तो आंधळा होतो. पिण्याच्या पाण्याची आयएस १०५०० या भारतीय मानकातली मर्यादा ०.०१ आहे, तिथलं तर त्याला काहीच दिसत नाही. 'बीडीएल' वाचून 'पिण्यायोग्य' लिहू नका. त्यासाठी ग्राफाइट फर्नेस किंवा आयसीपी-एमएससारखं जास्त बारीक मोजणारं यंत्र लागतं, आणि ते आमच्या बजेटात नव्हतं.

कांदे पुन्हा लावले. या वेळी मुळं जगली. नळाच्या पाण्यापेक्षा आखूड, पण पांढरी आणि टणक. सकाळी टोकं कापून तीन भाग अल्कोहोल, एक भाग ॲसिटिक ॲसिडमध्ये घातली, ६० अंशाला एक नॉर्मल हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये मऊ केली, ॲसिटोऑर्सिनने रंगवून दाबली. शिशाच्या पाण्यातल्या मुळांत विभाजन करणाऱ्या पेशी मुळात कमी. ज्या होत्या त्यांत गुणसूत्रं एकमेकांना चिकटलेली, काहींत ती पेशीभर विखुरलेली, कारण त्यांना ओढून नेणारे सूक्ष्मनलिकांचे धागेच बिघडलेले. हे धागे मोडणारं कोल्चिसिन दिल्यावर दिसतं तसंच. शुद्ध केलेल्या पाण्यात विभाजन बरंच सुधारलं. चिकटलेली गुणसूत्रं मात्र मधूनमधून दिसतातच. ते उरल्यासुरल्या शिशाने की ४७ मिलिग्रॅम नायट्रोजनने, हे वेगळं करायला नुसत्या अमोनियम क्लोराइडचा गट लावायला हवा. आमचा राहिला, तुम्ही लावा.

मोजताना स्लाइडवरची नावं झाकून मोजा. उघड्या नावांनी मोजलेले आणि झाकून मोजलेले आकडे आमचे जुळले नाहीत, झाकलेलेच ठेवले.

५ मार्च

पाणी झालं, पण साक्याचं काय? खनिज झालं म्हणजे निरुपद्रवी झालं असं प्रबंधात लिहिण्याआधी मॅडमनी विचारलं, "पोटात गेलं तर?" धुऊन वाळवलेला साका ०.०१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये टाकला, पीएच २, जठरातल्या आम्लाच्या जवळपास. अर्ध्या तासात पाणी नितळ. सगळं शिसं परत.

खरं तर आश्चर्य वाटायला नको होतं. भिंतींच्या रंगात पूर्वी वापरायचे तो सफेदा म्हणजे हेच, शिशाचं क्षारीय कार्बोनेट. त्याचे पोपडे लहान मुलांच्या तोंडात जात, शिसं रक्तात उतरे, आणि हीम (हिमोग्लोबिनमधला लोह धरणारा भाग) बनवणाऱ्या एन्झाइममधलं जस्त हटवून स्वतः तिथे बसे. आपल्याकडे घरगुती रंगांत ९० पीपीएमहून जास्त शिसं चालत नाही, असा २०१६ चा नियम आहे.

फॉस्फेट खनिज याहून कितीतरी पक्कं. पायरोमॉर्फाइट नावाचं शिशाचं क्लोरोफॉस्फेट सौम्य आम्लालाही बराच काळ दाद देत नाही. ब्रिटनमधल्या लिन मॅकास्की आणि सहकाऱ्यांनी सिट्रोबॅक्टरला ग्लिसरॉल-२-फॉस्फेट देऊन त्याच्या फॉस्फेटेज एन्झाइमकडून धातूंची फॉस्फेटं पेशीवरच बसवली. युरेनियमचं काम १९९२ मध्ये 'सायन्स'मध्ये आलं. त्यात अमोनियाची कटकट नाही. ग्लिसरॉल-२-फॉस्फेटची किंमत बघून आम्ही कॅटलॉग मिटला.

१४ मार्च

एक्सआरडी (खनिज ओळखणारी क्ष-किरण चाचणी) आला. नव्या पद्धतीच्या साक्यात २४.८ आणि २५.५ अंशांवर सेरुसाइटची, म्हणजे लेड कार्बोनेटची शिखरं, सोबत क्षारीय कार्बोनेटची काही. डिसेंबरच्या फसलेल्या फ्लास्कचा साका ठेवून दिला होता तोही पाठवला : २६.७ वर अँग्लेसाइट, म्हणजे लेड सल्फेट. म्हणून फसलेले साके टाकू नका, नंतर पुरावा म्हणून उपयोगी पडतात.

खर्च : एएएस सर्वांत जास्त, त्यातला वाया गेलेल्या खेपेचा वाटा मोठा. त्याखालोखाल यीस्ट एक्स्ट्रॅक्ट आणि सिरिंज फिल्टर. एक्सआरडी नमुन्याला ६०० रुपये. कांदे जवळपास फुकट, आणि सगळ्यात कामाची माहिती त्यांनीच दिली.

न सुटलेलं : साका इतका बारीक आहे की साध्या फिल्टर पेपरमधून निघून जातो आणि रात्रभर ठेवूनही पूर्ण बसत नाही. ०.४५ च्या फिल्टरने शंभर मिलिलिटर गाळता येतं, कारखान्याचं पाणी नाही. वाळूवर बॅक्टेरिया बसवून तिच्यातून पाणी सोडायचा विचार होता, वेळ संपला. सुरुवात करायची तर तिथून करा.

उरलेली शिशाची द्रावणं, साके, मुळं आणि हातमोजे निळ्या झाकणाच्या ड्रममध्ये आहेत, हूडच्या खाली. घातक कचरा नेणाऱ्या अधिकृत गाडीची नोंदणी मॅडमनी केली आहे. ती येईपर्यंत बेसिनमध्ये काही ओतायचं नाही. ड्रमची किल्ली मामांकडे.